वंदनाताई आणि सात गैरहजर

मी नेदरलँड्समध्ये नेमकं काय शिकायला गेलो होतो, हे माझ्या आईला आजतागायत नीट समजलेलं नाही. "विद्यार्थ्यांची काळजी कशी घ्यायची ते," असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती चिंचवडहून फोनवर म्हणाली, "म्हणजे होस्टेलचा रेक्टर?" मी म्हटलं, तसं नाही, इथे त्याचा मास्टर्स असतो. विद्यार्थ्याला घर मिळत नसेल, अभ्यास झेपत नसेल, मन लागत नसेल, तर त्याच्याशी बोलायचं आणि वाट काढून द्यायची. कॉलेजांमध्ये त्यासाठी वेगळी नोकरी असते. आईने विचारलं, "त्याला डिग्री लागते?" वडिलांनी नातेवाइकांत सांगून टाकलं, की निखिल अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये आहे.

अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष म्हणजे एका विद्यापीठाच्या विद्यार्थी विभागात प्रत्यक्ष उमेदवारी. माझं ते वर्ष सुरू झालं कोविडच्या पहिल्या उन्हाळ्यानंतर. विद्यापीठ होतं, विभाग होता, फक्त विद्यार्थी नव्हते. ते आपापल्या खोल्यांत, आपापल्या देशांत, लॅपटॉपच्या पडद्यावर चौकोन होऊन बसले होते. आणि मला शिकवायला नेमलेल्या बाई होत्या वंदना गजभिये.

वंदनाताई मूळच्या नागपूरच्या. मातीच्या रसायनशास्त्रात पीएचडी करायला वीस वर्षांपूर्वी आल्या आणि संशोधन करता करता त्यांच्या लक्षात आलं, की प्रयोगशाळेतली पोरं मातीपेक्षा जास्त त्यांच्याशीच बोलतात. तेव्हापासून त्या विद्यार्थ्यांकडे वळल्या त्या वळल्याच. नवरा अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडास या व्यापारी भागात एका बँकेच्या आयटीत, घर हार्लेमला, मुलगी चौदा वर्षांची. ताई तिच्याशी मराठीत बोलायच्या, ती डचमध्ये उत्तर द्यायची आणि भांडण मात्र दोघी इंग्रजीत करायच्या. डच सहकारी त्यांना 'फंदाना' म्हणत. त्या प्रत्येक वेळी न चिडता दुरुस्त करत, "वंदना." समोरचा म्हणे, "हो हो, फंदाना." वीस वर्षं हे चाललं होतं आणि दोन्ही पक्षांपैकी कोणीही हार मानलेली नव्हती.

उंचीने त्या पाच फुटांच्या आतच. डच खुर्च्या डच माणसांच्या मापाच्या, त्यामुळे त्यांचे पाय जमिनीला टेकत नसत. म्हणून टेबलाखाली त्यांनी छपाईच्या कागदांचं एक भरलेलं खोकं ठेवलं होतं. त्यावर पाय ठेवून त्या ताठ बसत आणि हातात शाईचं पेन घेत. त्यांच्याकडे विद्यार्थ्यांच्या नावांची एक वही होती. नवा विद्यार्थी आला, की पहिली दोन मिनिटं फक्त नाव. ते कसं म्हणायचं, जोर कुठे द्यायचा, घरी काय म्हणतात. पोलंडच्या एका मुलीचं नाव त्यांनी अकरा वेळा म्हणून घेतलं होतं. शेवटी ती मुलगीच म्हणाली, "मॅडम, माझ्या वडिलांनासुद्धा इतकं चांगलं येत नाही."

पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा पाच मजली इमारतीत आम्ही तिघं होतो. त्या, मी आणि खाली एक सुरक्षारक्षक. व्यवस्थापनाचा नियम होता, की विद्यार्थी विभागाचं दार मंगळवारी आणि गुरुवारी दहा ते बारा उघडं ठेवायचं. इमारतीत विद्यार्थ्यांना प्रवेश नाही, असाही नियम होता. दोन्ही नियम एकाच आठवड्यात निघाले होते.

"ताई, मग कोण येणार?" मी विचारलं.

"कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "पण दार उघडं पाहिजे. बस. मी विद्यार्थी."

एवढं बोलून त्या खोलीबाहेर गेल्या आणि त्यांनी उघड्या दारावर टकटक केली. आत आल्या त्या एकोणीस वर्षांचा डच मुलगा होऊन. आवाज बदलला नव्हता, टोपी घातली नव्हती, काही नाही. पण खांदे पडले होते, हात खिशात होते आणि नजर खिडकीवर. समोरच्या खुर्चीत त्या अशा काही पसरल्या, की मला खरंच वाटलं, हा मुलगा रोज दुपारी उठत असणार.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. ठीक आहे सगळं."

"अरे वा! मग काही लागलं तर ये हं परत," मी म्हणालो. मला वाटलं, छान झालं.

त्या उठल्या, बाहेर गेल्या आणि परत आल्याच नाहीत. पंधरा मिनिटांनी मी शोधायला निघालो, तर त्या जिन्यात बसलेल्या. "ताई?"

"तो मुलगा आता तुझ्याकडे येणार नाही," त्या म्हणाल्या. "ठीक आहे म्हणाला आणि तू फोन ठेवून दिल्यासारखं केलंस. 'ठीक आहे' ऐकलं की खुर्ची पुढे ओढायची असते बाप्पा."

जेवणाच्या सुट्टीत मी पाणी हवं का विचारलं, तर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तो मुलगा अजून नाराज होता. साडेतीन वाजता त्याची समजूत पटली. संध्याकाळी निघताना सुरक्षारक्षकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाईंची किल्ली हरवली आहे का? आज नऊ वेळा त्यांनी स्वतःच्याच दारावर टकटक केली."

असं आमचं शिक्षण सुरू झालं. दोन महिन्यांत त्या माझ्यासमोर चिनी मुलगी झाल्या, तिचे वडील झाल्या, घरमालक झाल्या, एकदा तर दोन भांडणारे रूम पार्टनर झाल्या आणि मधल्या मध्ये खुर्च्या बदलून दमल्या. मला हसू यायचं. त्यांना कधीच आलं नाही. त्यांच्या लेखी ती मुलं खरीच होती, फक्त आत्ता इथे नव्हती.

माझ्या अभ्यासक्रमाची एक यादी होती. बावीस कौशल्यं. प्रत्येक कौशल्य मी करून दाखवायचं आणि ताईंनी सही करायची. यादी साथीच्या आधी छापलेली होती. त्यातलं चौदावं होतं : 'मोठ्या गटाला शांतपणे व सुरक्षितपणे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे.' मी कोर्सच्या कोऑर्डिनेटरला मेल केला, की सध्या चारपेक्षा जास्त माणसांनी बाहेर एकत्र यायला बंदी आहे, तर हे कौशल्य माफ करावं. उत्तर आलं, की कौशल्यं माफ होत नाहीत, परिस्थितीनुसार योग्य तो गट निवडावा.

ताईंनी ते उत्तर दोनदा वाचलं. मग कोट घातला. "चल."

कॅम्पसच्या मधोमध तळं आहे आणि तळ्याभोवती हिरवळ. एरवी तिथे मुलं लोळत पडलेली असत. आता तिथे पक्षी होते. त्यांना हंस म्हणावं तर मान आखूड, बदक म्हणावं तर अंगाने दुप्पट, रंगाने करडे आणि चेहऱ्यावर प्राध्यापकांसारखी नाराजी. माणसं गेल्यावर त्यांनी हिरवळ, सायकल स्टँड आणि ग्रंथालयाच्या पायऱ्या ताब्यात घेतल्या होत्या.

"हे सध्याचे विद्यार्थी," ताई म्हणाल्या. "यांना ग्रंथालयाच्या दारातून तळ्याच्या त्या काठाला ने. ओरडायचं नाही. पळायचं नाही. कोणाला मागे सोडायचं नाही."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या गंभीर होत्या. पेन उघडून तयार होत्या.

मी पुढे झालो. एका मोठ्या पक्ष्याने मान लांब केली आणि फुस्स असा आवाज काढला. मी मागे आलो.

"काय करून राहिला तू?" ताई लांबून म्हणाल्या. "तो त्यांचा पुढारी आहे. आधी त्याच्याशी बोल."

"काय बोलू?"

"कुठे चाललोय ते सांग. माणसाला कुठे चाललोय ते कळलं की तो चालतो."

नोव्हेंबरच्या थंडीत, पदव्युत्तर पदवीचा विद्यार्थी मी, त्या पक्ष्याला मराठीत सांगितलं, की आपण सगळे तळ्याकडे जातोय, तिकडे गवत चांगलं आहे, घाई नाही. हात थोडे पसरून सावकाश चालत राहिलो. पाऊण तास लागला. पण ते गेले. सगळे गेले. एक लंगडणारा मागे राहिला होता, त्याच्यासाठी मी थांबलो. मागे वळून बघितलं तर ताई यादीवर सही करत होत्या.

शेरा त्यांनी खरा लिहिला. ताई खोटं लिहीत नसत. 'गट : तळ्यावरचे हंस, सुमारे साठ. उमेदवाराने संयम दाखवला. मागे पडलेल्यासाठी थांबला. दोन सदस्य शेवटपर्यंत असहमत होते.' कोऑर्डिनेटरचा मेल आला, की उत्कृष्ट, आणि 'तळ्यावरचे हंस' या विद्यार्थी मंडळाबद्दल आम्ही आधी ऐकलं नव्हतं, त्यांच्याशी संपर्क करून द्याल का? ताईंनी कळवलं, की ते मेल वाचत नाहीत. हेही खरंच होतं.

त्याच महिन्यात सात जणांचं प्रकरण सुरू झालं.

ताईंचा नियम होता, की पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला महिन्यातून एकदा आपला फोन गेलाच पाहिजे. विद्यार्थी शेकडो होते, फोन करणारे आम्ही दोघं. यादी कॉम्प्युटरमधून काढून नीट लावून देण्याचं काम माझं. एका मंगळवारी मी यादी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आपल्या वहीशी ताडून बघितली.

"यात सात कमी आहेत," त्या म्हणाल्या.

"ते मी काढले ताई. ते खरे नाहीत. कॉम्प्युटर विभागाने सिस्टीम तपासायला टाकलेली खोटी नावं आहेत. सगळ्यांचं पहिलं नाव 'टेस्ट' आहे. टेस्ट यान्सन, टेस्ट बाकर, एक तर टेस्ट टेस्ट आहे."

"तू विचारलंस?"

"त्यात काय विचारायचं? नावच टेस्ट आहे."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "माझ्या मामाचं नाव कचरू," त्या म्हणाल्या. "शाळेत हेडमास्तर होता तो. कचरा होता का?"

त्यांनी सातही नावं शाईने वहीत लिहिली आणि त्यांपुढे जन्मतारखा लिहिल्या. सहा जणांची तारीख एक जानेवारी होती. सातव्याची तेवीस ऑक्टोबर. त्याचं नाव होतं टेस्ट सुत्रिस्नो.

"तेवीस ऑक्टोबर," ताई म्हणाल्या. "खोट्या माणसाला काहून कोणी असा वाढदिवस देईल?"

आम्ही त्याला मेल केला. तो परत आला. नावात 'टेस्ट' असलेले सगळे मेल सिस्टीम आपोआप अडवत होती. फोन नंबर नव्हता. पत्ता होता, पण तो आम्हाला दिसत नव्हता. खाजगीपणाच्या नियमामुळे विद्यार्थ्याचा पत्ता फक्त नोंदणी विभागाला आणि सुनावणीच्या समितीलाच उघडता येई. नोंदणी विभाग घरून काम करत होता आणि टेस्टचा पत्ता मागितला की हसायचा चेहरा पाठवत होता. कॉम्प्युटर विभागातला येरून मात्र भला माणूस. त्याने ताईंना व्हिडिओवर समजावलं, "फंदाना, अशी नावं आम्ही गंमत म्हणून टाकतो. जानेवारीत सगळी काढून टाकणार आहोत. एक बटण दाबायचं."

"वंदना," ताई म्हणाल्या. "काढणार म्हणजे नोंदणी रद्द करणार?"

"हो, तांत्रिकदृष्ट्या तेच."

"मग सुनावणी लागेल. कोणत्याही विद्यार्थ्याची नोंदणी त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय रद्द होत नाही. नियम आहे."

येरून हसला. ताई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच दुपारी सातही जणांच्या सुनावणीचे अर्ज भरले. विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी म्हणून स्वतःचं नाव घातलं.

मला वाटलं, आता या बाईंचं डोकं फिरलं. विभागातही कुजबुज झाली. एका सहकारी बाईने मला काळजीने विचारलं, की तिला घरी कोणी बोलायला आहे ना? तिच्या मनात वाईट नव्हतं. एकदा व्हिडिओवर ताईंच्या मागे बुद्धाची छोटी मूर्ती बघून तीच कौतुकाने म्हणाली होती, "आमच्याकडेही आहे हा, बाथरूममध्ये." ताई थोडा विचार करून म्हणाल्या होत्या, "तिथे जरा ओला होत असेल."

समितीच्या अध्यक्ष कायद्याच्या प्राध्यापक होत्या. त्यांनी अर्ज वाचले, नियम वाचला आणि कळवलं, की विद्यार्थी अस्तित्वात नसल्यास त्याचं म्हणणं ऐकण्याची गरज नाही, अशी तरतूद नियमांत कुठेही नाही. त्यामुळे सुनावणी होईल. प्रत्येकी दहा मिनिटं.

जानेवारीतली ती सुनावणी मी विसरणार नाही. पडद्यावर सहा चौकोन. अध्यक्ष, दोन सदस्य, येरून, ताई आणि मी. सातवा चौकोन विद्यार्थ्यासाठी राखलेला, काळा.

"टेस्ट टेस्ट हजर आहेत का?" अध्यक्षांनी विचारलं.

कोणी बोललं नाही. नियमाप्रमाणे दहा मिनिटं वाट बघायची होती. आम्ही बघितली. एका सदस्याच्या मांडीवर मांजर येऊन बसलं आणि गेलं. दहा मिनिटांनी ताई म्हणाल्या, "विद्यार्थ्याशी संपर्क होऊ शकला नाही. माझं अधिक काही म्हणणं नाही." नोंदणी रद्द. मग टेस्ट यान्सन. परत दहा मिनिटं. अध्यक्षांनी कॉफी आणली. चौथ्या टेस्टपर्यंत दुसऱ्या सदस्याचा डोळा लागला होता. येरून कॅमेऱ्याखाली काहीतरी खात होता. एक तास आम्ही सहा शिकलीसवरलेली माणसं ओळीने सहा न जन्मलेल्या लोकांची वाट बघत बसलो.

सातवं नाव आलं. चौकोन काळाच राहिला. दहा मिनिटं संपली तेव्हा ताईंनी खुर्ची पुढे ओढली.

"या विद्यार्थ्याची फाइल आता समितीपुढे उघडली आहे," त्या म्हणाल्या. "पत्ता वाचून दाखवावा."

अध्यक्षांनी चष्मा लावला. कापेल आन डेन आयसेलमधली एक गल्ली, घर क्रमांक, तळमजला.

"आधीच्या सहांचा पत्ता काय होता?"

"आमच्याच इमारतीचा," येरून खाण्याचं थांबवून म्हणाला.

"रॉटरडॅमच्या शेजारच्या गावातला तळमजला गंमत म्हणून कोण टाकेल?"

"कोणीतरी कल्पक माणूस," येरून म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. "विद्यार्थ्याला तांत्रिक अडचण असू शकते," त्या म्हणाल्या. "दोन आठवड्यांची मुदत."

मीटिंग संपली. ताईंनी मला लगेच फोन केला. पत्ता त्यांनी लिहून घेतला होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "ताई, तुम्ही हे सगळं पत्त्यासाठी केलंत?"

"मग काय मला तासभर मांजर बघायचं होतं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही कापेलला गेलो. ताईंच्या हातात डबा होता, पाटवड्या आणि भात. "कोणासाठी?" मी विचारलं. "त्याच्यासाठी. असला तर खाईल. नसला तर आपण खाऊ."

दार एका म्हाताऱ्या डच बाईंनी उघडलं. ताईंनी आपलं नाव सांगितलं, विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं आणि विचारलं, "इथे सुत्रिस्नो राहतात का?"

"कोण?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि मग म्हणाल्या, "टेस्ट?"

"हां, टेस्ट!" बाई खुश झाल्या आणि आत वळून ओरडल्या, "टेस्ट! तुझ्याकडे कोणीतरी आलंय!"



घरी दिवसाला एकच पाहुणा, असा तेव्हा सरकारी नियम होता. त्यामुळे ताई आत गेल्या आणि मी बाहेर खिडकीशी उभा राहिलो. खिडकी उघडली. आत एक बारीक, सडपातळ मुलगा इस्त्री केलेला शर्ट घालून उभा होता. इंडोनेशियातल्या जावाचा. त्याने आधी ताईंना आणि मग खिडकीतून मला वाकून नमस्कार केला. आणि घाईघाईने चहा टाकला. माझा कप त्याने खिडकीतून दिला.

हळूहळू हकीकत बाहेर आली. त्याच्या घरी आडनाव नसतं. माणसाला एकच नाव. प्रवेशाच्या ऑनलाइन फॉर्मला दोन हवी होती. त्याने हेल्पलाइनला फोन केला. तिकडून कोणीतरी म्हणालं, "आत्ता पहिल्या नावाच्या जागी टेस्ट लिहून बघा, फॉर्म जातो का." त्याने लिहिलं. फॉर्म गेला. मग तो विमानाने आला, फॉर्मवरच्या नावानेच खोली घेतली आणि विद्यापीठाच्या पत्राची वाट बघत बसला. पाच महिने.

"तू कोणाला विचारलं नाहीस?" ताई म्हणाल्या.

"विचारलं. फोनवर मला म्हणाले, हा टेस्ट अकाउंट आहे." तो लाजत म्हणाला, "मला वाटलं, पहिलं वर्ष सगळ्यांचीच टेस्ट असते. कोणी मदत करणार नाही, बघू आपण टिकतो का. म्हणून मी टिकलो."

त्याने टेबलावरच्या वह्या दाखवल्या. व्याख्यानांची रेकॉर्डिंग सगळ्यांसाठी खुली होती, ती त्याने एकूण एक ऐकली होती. जुन्या परीक्षांचे पेपर स्वतःच वेळ लावून सोडवले होते, तपासले होते आणि गुणही दिले होते. एका विषयात त्याने स्वतःला नापास केलं होतं.

ताई बराच वेळ त्या वह्या बघत राहिल्या. मग त्यांनी डबा उघडून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "तुझं नाव म्हणून दाखव."

तो म्हणाला. त्यांनी म्हणून बघितलं. त्याने मान हलवली. त्यांनी पुन्हा म्हटलं. खिडकीबाहेर थंडीने माझी बोटं गोठली होती. मला त्या मुलाकडे बघवत नव्हतं. एका क्लिकने मीही त्याला यादीतून काढलं होतं. येरूनचं बटण दाबलं गेलं असतं, तर त्याचा व्हिसा रद्द होऊन, टेस्टमध्ये आपण नापास झालो असं समजून, तो मुकाट्याने घरी गेला असता.

परतताना मेट्रोतून रॉटरडॅमला उतरल्यावर मी म्हणालो, "ताई, माझं चुकलं."

"हो," त्या म्हणाल्या. पुढे समजावणं नाही, धीर देणं नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला भूक लागली. डबा त्याने सगळा खाल्ला." स्टेशनवर आम्ही उभ्याउभ्या तेलकट बटाट्याच्या फोडी खाल्ल्या. त्यांच्या गालांवर पाणी ओघळत होतं. मास्क तोंडावरून खाली ओढलेला असल्यामुळे ते लपवायची सोय नव्हती.

मुदतीच्या सुनावणीला सातवा चौकोन उजळला. इस्त्रीचा शर्ट, मागे घरमालकीणबाई. "सुत्रिस्नो हजर आहेत का?" अध्यक्षांनी विचारलं. "हजर," तो म्हणाला आणि उभा राहिला, त्यामुळे आम्हाला फक्त त्याचं पोट दिसलं. येरूनने स्वतःहून माफी मागितली. परीक्षा द्यायला मिळाल्या. ज्या विषयात त्याने स्वतःला नापास केलं होतं, त्यात तो चांगल्या गुणांनी पास झाला. ताई म्हणाल्या, "पेपर कडक तपासतो." नावाचा प्रश्न मात्र सुटला नाही. सिस्टीमला दोनच नावं हवी होती. शेवटी त्याची नोंद झाली सुत्रिस्नो सुत्रिस्नो. पहिल्या मेलमध्ये विद्यापीठाने त्याला लिहिलं, की तुमचं नाव चुकून दोनदा टाकलं गेलं आहे, कृपया एक काढावं.

माझं वर्ष संपलं. बाविसाव्या कौशल्यावर सही झाली आणि दुसऱ्या शहरातल्या एका कॉलेजात मला नोकरी लागली. ताईंच्या नवऱ्याची बदली टोरांटोला झाली. त्यांच्या निरोपाच्या दिवशी मला कोविड झालेला होता, त्यामुळे मी घरात बंद. फोनवर त्यांनी ताप किती, जेवला का, एवढंच विचारलं. म्हणून मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याच्या आधी, उन्हाळ्यात, लसीकरणाच्या हॉलमध्ये.

मी रांगेत होतो. पुढे काहीतरी अडलं होतं. बघितलं, तर पिवळं जाकीट घातलेल्या स्वयंसेवकांत ताई. त्यांच्यासमोर एक धिप्पाड माणूस, माळ्याचे कपडे, सहज सव्वासहा फूट. लशीच्या बूथच्या तोंडाशी तो थिजून उभा होता. सुईची भीती. पुढे जाईना आणि शरमेने मागेही येईना. मागची रांग खोळंबली होती. ताई त्याच्या कोपरापर्यंतच येत होत्या. त्या त्याला काही समजावत नव्हत्या. त्यांनी जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं आणि शांतपणे आपली डावी बाही घडी घालत घालत खांद्यापर्यंत वर केली.

आतली नर्स म्हणाली, "मॅडम, तुमचे दोन्ही डोस झालेत ना?"

"झालेत," ताई डचमध्ये म्हणाल्या. "मी फक्त बाही वर केली आहे."

त्या माणसाने त्यांच्या दंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्याने आपलीही बाही वर केली. दोघं आत गेले आणि पडदा ओढला गेला.

मला दुसऱ्या बूथमध्ये बोलावलं. टोचून झाल्यावर पंधरा मिनिटं बसवलं आणि मग बाहेरच्या दाराकडे पाठवलं. तिथून परत आत येता येत नव्हतं. दारात मी मागे वळून हाक मारली, पण हॉल मोठा होता. ताई रांगेच्या कडेने शेवटच्या माणसापर्यंत सावकाश चालत होत्या, एकेकाच्या चेहऱ्याकडे बघत. जाकीट पुन्हा अंगावर होतं, पण एकाच खांद्यावर अडकवलेलं. डावी बाही खाली करायचं त्या विसरल्या होत्या.